पुस्तक ठरेपर्यंत

ताई, तू गेलीस आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. हे काही बरं केलं नाहीस. जन्मभर शेवटचा शब्द तुझा असायचा, आणि या वेळी मला बोलायला ठेवून तू मधूनच उठलीस. आता मी बोलणार आहे आणि तुला ऐकावं लागणार आहे. मध्येच "थांब वं बेबे" म्हणायची सोय नाही.

आणि मी अशी पुस्तकी मराठीत लिहितेय म्हणून हसू नकोस. समोर असतीस तर आपल्याच बोलीत भांडले असते. कागद समोर आला की माझा हात असाच चालतो. "कागदावर बसली की बेबी पुन्याची होते," असं तूच भाऊजींना सांगायचीस.

तुझी तेरावी आटोपून मी परवा अमरावतीला आले. सकाळी क्लासची मुलं आली, त्यांना दारातूनच परत पाठवलं. टेबलावर तीन पुस्तकं पडली आहेत. व्हायोलिन शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठीची, म्हणजे अगदी पहिलीची. तिन्ही मी तुझ्यासाठी शोधून आणली आणि तिन्ही तू नापास केलीस. कोणाला सांगितलं तर हसतील. साठी ओलांडलेल्या दोघी बहिणी, एक अकोल्याला, एक अमरावतीला, आणि सहा महिने भांडतात ते शेतावरून नाही, आईच्या गळ्यातल्या एकदाणीवरून नाही, तर पोराटोरांच्या पुस्तकावरून!

सुरुवात तूच केलीस. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तुझा फोन आला. वाटलं, कूलर बिघडला असेल नाहीतर भाऊजींचं बीपी वाढलं असेल. तर तू म्हणालीस, "बेबे, मी व्हायोलिन घेतलं."

"कोणासाठी?"

"कोनासाठी म्हंजे? माह्यासाठी."

मी हसले, ताई. मनापासून, आनंदानं हसले; पण फोनवर हसणं कसं ऐकू येतं कोण जाणे. तू म्हणालीस, "हस. हसून घे. पन मले वाजवाचं हाये."

फोन ठेवल्यावर मात्र मला हसू आलं नाही. मला चांदूर रेल्वेचं स्टेशन आठवलं. बाबांनी मला अमरावतीला व्हायोलिनच्या क्लासला घातलं, आणि लहान पोर गाडीनं एकटी कशी जाणार म्हणून तुला सोबत धाडलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना माझा हातही तूच धरायचीस आणि पेटीही तूच उचलायचीस. मास्तरांच्या ओसरीतल्या बाकावर बसून तू तुझा अभ्यास करायचीस. परतीच्या पॅसेंजरमध्ये त्या दिवशीचा धडा तू गुणगुणायचीस, तो बरोबर असायचा, आणि मला इतका राग यायचा की मी तुझी वेणी ओढायचे. दोघींनाही शिकवावं हे बाबांच्या मनात आलं नाही, आईच्या आलं नाही. माझ्या तर काय यायचं, मला खिडकी मिळाली की झालं. तू तेव्हा काही बोलली नाहीस आणि नंतरही कधी नाही. डी.एड. केलंस, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीस आणि सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढलीस. मी व्हायोलिनची बाई झाले.

म्हणून मी लगेच उलटा फोन केला. म्हटलं, "रविवारी ये. नाहीतर मीच येते. मी शिकवते तुला."

"नाई. मी पुस्तकावरून शिकीन."

"अगं, व्हायोलिन काय पुस्तकावरून येतं? समोर माणूस लागतो."

"मानूस रागावते. पुस्तक रागावत नाई."

"मी कुठे रागावते?"

"आता काय करून राहिली मंग?"

घ्या! तुझ्या मुलानं पुण्याहून सुचवलं की आई, फोनवर व्हिडिओ असतात, बघून शिक. त्यालाही तू उडवून लावलंस. "थो व्हिडिओवाला पुढं पुढं पयते रे बाप्पा. पुस्तक कसं, आपन थांबलो का तेही थांबते." आणि मग मला हुकूम सुटला, "तू चांगलं पुस्तक निवडून दे. निवडाचं काम तुहं. पास-नापास कराचं काम माहं."

वर एक अट घातलीस. दसऱ्याला पहिलीच्या मुलांचं पाटीपूजन करतात, तसं व्हायोलिनचंही करायचं. पाटावर पुस्तक ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्यानंतरच गज तारेवर टेकवायचा. तोवर पेटी उघडायची नाही. पावसाळ्यात मी अकोल्याला आले तेव्हा पेटी लोखंडी कपाटावर होती, जुन्या परकराच्या कापडाचा अभ्रा शिवून घातलेला. "दाखव तरी," म्हटलं. "दसऱ्याले." "अगं, मी व्हायोलिनची बाई आहे, मला तरी बघू दे काय गळ्यात मारलंय ते!" "दुकानदारानं तारा लावून देल्ल्या हायेत. बोटानं छेडून दाखवल्या त्यानं. चांगलं हाये. तू चहा घे."

मी चहा घेतला. पेटी कपाटावर राहिली.

पहिलं पुस्तक मी पाठवलं ते परीक्षेच्या अभ्यासक्रमाचं. मी स्वतः त्याच्यावर शिकले, माझ्या कितीतरी मुलांनी त्याच्यावर परीक्षा दिल्या. येत्या-जात्याच्या हाती ते अकोल्याला धाडलं आणि आठवड्याच्या आत तसंच हातोहात परत आलं. पाठोपाठ तुझा फोन. "पयल्याच पानावर 'नाद म्हणजे काय'! बेबे, पयलीच्या पोराले आपन पयल्या दिवशी 'अक्षर म्हणजे काय' असं इचारतो का वं? कमळातला 'क' दाखवतो अन् मोकळे होतो. मंग पुढं पानंच्या पानं नुसते सारेगम, रेगमप. हे पुस्तक पोराले शिकवासाठी नाई, पोराले घाबरवासाठी लिवलं."

मी तणतणले. म्हटलं, अलंकार हा पाया आहे, पायाशिवाय घर नसतं. तू म्हणालीस, "पायात कोनी राहाले जात नाई. एक खोली तरी बांध आधी."

दुसरं इंग्रजी. माझ्या एका विद्यार्थिनीनं मुंबईहून आणून दिलेलं, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. ते मात्र तू ठेवून घेतलंस बरेच दिवस. तुला त्यातलं इंग्रजी फारसं लागत नव्हतं, पण चित्रं बघून म्हणालीस, "हे जिनं लिवलं ना, तिनं पोट्टे शिकवले हायेत. एका पानावर एकच गोष्ट. मोठं अक्षर. पोट्टं हसून राहिलं चित्रातलं." मला वाटलं, झालं, ठरलं एकदाचं. पण पुस्तक परत मागवून त्यातली रेघांवर लटकलेली सुरांची टिंबं मी वाचून दाखवली, गाणी वाजवून ऐकवली फोनवर, तर तू म्हणालीस, "गाणे चांगले हायेत. पन कोनाच्या घरचे हायेत? माह्या घरचं एकबी नाई यात." शिवाय त्या चित्रात पोरगी उभी राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरून वाजवत होती, आणि मी म्हणत होते की आपल्याकडे मांडी घालून वाजवतात. तुझे गुडघे मांडी घालू देत नव्हते. त्याच्यावर आपण एक अख्खा रविवार भांडलो. शेवटी तू म्हणालीस, "खुर्चीवर बसून वाजवीन. तुह्या मास्तरच्या नाकावर टिच्चून."

मग एकदा मीच वैतागून विचारलं, "तुला पाहिजे तरी काय? पहिल्या पानावर काय पाहिजे?"

आणि तू लगेच, जसं काही कधीपासून तयारच होतं, म्हणालीस, "भुलाबाईचं गानं."

मी काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. मी म्हणाले, "भुलाबाईची गाणी काय व्हायोलिनवर वाजवायची असतात?"

"काहून? व्हायोलिनले लाज वाटते का?"

ताई, त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते माझ्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही. तू म्हणालीस, पहिल्या धड्यात बोट लावायचंच नाही. एकच मोकळी तार. तिच्यावर गजानं भुलाबाईच्या एखाद्या गाण्याचा नुसता ठेका काढायचा, आणि ऐकणाऱ्यांनी ओळखायचं कोणतं गाणं ते. आपण नाही का, भादव्यात भुलाबाई बसली की घरोघर तिची गाणी म्हणत हिंडायचो, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचो, तसंच. "पोट्टं पयल्याच दिवशी घरी जाऊन सांगन, मी आज गानं वाजवलं. मंग ते दुसऱ्या दिवशी येते. पयल्या धड्याचं काम तेवढंच असते, दुसऱ्या दिवशी आनाचं." असं तू म्हणालीस.

मी काय केलं? "बघू," म्हणाले. बघू! जशी काही मी परीक्षकच. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं की तू बरोबर बोलते आहेस. ती गाणी चार-पाच सुरांत फिरतात, एका तारेवर मावतात, लहान बोटांना ताण पडत नाही. पण तुझ्यासमोर तसं कबूल करायला जीभ वळेना. सगळ्या गोष्टीत तू माझ्यापेक्षा शहाणी होतीस, व्हायोलिन तेवढं माझं होतं. ते एक तरी माझं राहू दे, असं वाटलं असेल. तुला हे आवडणार नाही, पण खरं आहे ते.

पण मी पुस्तक शोधत राहिले. हे तुला कबूल करावं लागेल. ज्या घरी व्हायोलिन दिसलं त्या घरी मी विचारलं. आणि बडनेऱ्याला, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याकडे ते मिळालं. त्याच्या वडिलांच्या वेळचं, कुठल्याशा शाळेतल्या संगीत मास्तरांनी स्वतःच छापलेलं, पिवळं पडलेलं, पातळसं. मोठं अक्षर. एका पानावर एक धडा. आरत्या, शाळेतल्या प्रार्थना, पाळण्याची गाणी, आणि विश्वास बसणार नाही, मध्ये एक भुलाबाईचं गाणं! मी त्याच्या बैठकीत उभ्यानं ते पुस्तक छातीशी धरलं. तो म्हणाला, "बाई, घेऊन जा, परत नका आणू." मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याची बस पकडली. नवरात्र चालू होतं. दसरा तोंडावर होता. वाटेत मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा फुलवालीकडून झेंडूची माळ घेतली, तुझ्या पाटावरच्या पुस्तकासाठी. मनात म्हटलं, आता बघते कशी नापास करते.

तू खाटेवर बसली होतीस. पुस्तक हातात घेतलंस. एक पान उलटलंस. भुलाबाईचं पान मी मुद्दाम उघडून दिलं. तू बघितलंस, हात फिरवलास त्या पानावरून, आणि पुस्तक मिटलंस.

"नको."

"काय नको?"

"नाई पसंत. ठेव तुह्याजवळ."

"अगं, तुला पाहिजे ते सगळं आहे त्यात! काय नाही ते तरी सांग!"

"नाई पसंत म्हनलं ना."

माझं डोकंच फिरलं. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही, ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, "तुला शिकायचंच नाही. उन्हाळ्यापासून नुसती नाटकं. मला नाचवायचं होतं, नाचवलंस."

तू उलट बोलली असतीस तर मला चाललं असतं. "जाय वं बह्याडे" म्हणून हाकलली असतीस तरी चाललं असतं. तू नुसतं "असन" म्हणालीस. असन. असेल तसं. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला. मला वाटलं, बघा कशी ताठ आहे. भाऊजी स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आले, तर मी पायात चपला घातल्या होत्या. माळ पिशवीत तशीच होती. पुस्तक उचललं आणि निघाले.

दसऱ्याला तुझा फोन आला, सोनं घे म्हणालीस. मीही म्हणाले. भाऊजींच्या गोळ्या, माझ्या क्लासची मुलं, तुझ्या सुनेचा प्रमोशनचा अर्ज, सगळं बोललो. पुस्तकाचं तू काढलं नाहीस, मी काढलं नाही. दिवाळीत चिवडा कोणाचा सादळला यावर बोललो. मी ठरवलं होतं, आता तिनं म्हटल्याशिवाय मी विषय काढणार नाही. संक्रांतीला जाईन तेव्हा बघू.

त्याच्या आतच एका सकाळी भाऊजींचा फोन आला. "बेबी, तू ये," एवढंच म्हणत राहिले.

आता लोक माझी समजूत घालतात. तुझी शेजारीण मला जवळ घेऊन म्हणाली, "बाई, त्यांना पुस्तक नकोच होतं हो. तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणून चाललं होतं ते सगळं." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. किती गोड वाटतं नाही ऐकायला! मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. खोटं आहे ते. माझ्याशी बोलायला तुला कधी निमित्त लागलं? तू तर चिंच फोडायला बसलीस तरी मला फोन करायचीस. तुला पुस्तकच पाहिजे होतं. तुला व्हायोलिन वाजवायचं होतं. मेलेल्या माणसाची इच्छा अशी लहान करून टाकू नये.

मग शेवटी का नाही म्हणालीस, हे मला कळत नव्हतं. तेरावीपर्यंत तेच डोक्यात होतं. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे आपापल्या परीनं काहीबाही कबूल करत होते, नातवंडांचं बघू, भाऊजींना सांभाळू. मी मनात म्हणत होते, ताई, त्या पुस्तकात काय खोट होती तेवढं सांग.

तेरावीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दुपारी मी आणि भाऊजी दोघंच होतो. तुझा माणूस कमी बोलणारा, त्यात आता तर अगदीच मिटलेला. कपाटावरची पेटी त्यांनी खाली काढली, अभ्र्यावरची धूळ पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"हे तू घेऊन जाय बेबी. इथं कोन वाजवते."

मी म्हटलं, "तिनं हातसुद्धा नाही लावला भाऊजी. पुस्तकच ठरलं नाही आमचं."

ते म्हणाले, "लावला होता. एक डाव."

ते जमिनीकडे बघून बोलत होते. "भुलाबाईच्या दिवसात, नवरात्राच्या आंधी. गल्लीतल्या पोट्ट्या आल्या होत्या गाणे म्हनाले. तिनं खाऊ देला, सगळ्यायच्या संग गाणे म्हनले. त्या गेल्या अन् तिले राहावलं नाई. मले म्हने, तुमी ओट्यावर बसा जरा. दार लोटून घेतलं."

"मग?"

"मी कान देऊन बसलो होतो ना. मलेबी वाटे, पाहू त खरं. बोटानं छेडलं, टुंगटुंग वाजलं. मंग काईच नाई. लय वेळ काईच नाई. म्हनलं, वाजवून राहिली का झोपली? बाहेर आली त तोंड उतरलेलं. म्हने, गज फिरवला हो, खूप फिरवला, आवाजच निंगत नाई. माह्या हाताले सूरच नाई."

मला कळायला लागलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

"मी म्हनलं, बेबीले इचार. त म्हने, नका सांगू तिले. ते बिचारी गावोगाव पुस्तकं धुंडून राहिली माह्यासाठी. तिले वाईट वाटन. मंग म्हने, देवानं ते बेबीच्या हाताले देल्लं, मले नाई देल्लं. आपन उगाच हट्ट केला म्हातारपनी." भाऊजींनी डोळे पुसले. "तवापासून तिनं पेटी खाली नाई काढली."

मी पेटी उघडली. व्हायोलिन साधंच, पण बरं होतं. गज काढला. त्याचे केस पांढरेशुभ्र, कोरे. पेटीच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात राळेची वडी होती, कारखान्यातून निघते तशी कागदात गुंडाळलेली. मी कागद सोडला. वडी आरशासारखी गुळगुळीत होती. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता.

ताई, नवीन गज मुका असतो. त्याच्या केसांवर राळ घासावी लागते, चांगला दम लागेपर्यंत घासावी लागते. राळेचा चिकटपणा असला तरच केस तारेला धरतात आणि तार बोलते. नाहीतर गज काचेवरून फडकं फिरवावं तसा नुसता सरकतो. कितीही फिरव. हे मला सांगायचं कधी सुचलंच नाही, कारण माझ्या क्लासात नवीन मूल यायच्या आधी त्याच्या गजाला मीच राळ लावून ठेवते. मुलानं पहिल्यांदा गज ओढला की आवाज आलाच पाहिजे, नाहीतर मूल हिरमुसतं. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं आजवर कोरडा गज बघितलेला नाही. तुझी पेटी मात्र मी उघडली नाही. तू उघडू दिली नाहीस, आणि मीही चहा पीत बसले.

आज सकाळी तिन्ही पुस्तकं चाळली. पहिल्यात राळ आहे, अगदी मागे, 'व्हायोलिनचे भाग' या यादीत, 'गजास लावण्याचा पदार्थ' म्हणून. इंग्रजीत आहे, एका चित्राखाली बारीक अक्षरात. चित्रातली पोरगी गज घासते आहे, आणि तू समजली असशील की ती तो पुसून ठेवते आहे. तिसऱ्यात, त्या माझ्या लाडक्या पिवळ्या पुस्तकात, राळेचा शब्दसुद्धा नाही. मास्तर समोर बसून शिकवणारे. पुस्तकात कशाला लिहितील? पहिल्या पानावर काय पाहिजे, यावर आपण दोघी मास्तरणी सहा महिने भांडलो. तू म्हणत होतीस गाणं पाहिजे, मी म्हणत होते अलंकार पाहिजेत. पहिल्या पानावर एक ओळ पाहिजे होती, आणि ती आपल्या दोघींनाही सुचली नाही.

त्या दुपारी मी किल्लीनं वडीवर चरे काढले आणि गज घासायला बसले. नवीन वडी लवकर धरत नाही. भाऊजी विचारत होते, काय करून राहिली, मी सांगत नव्हते. सांगायची हिंमत नव्हती. पांढरी भुकटी साडीवर सांडली. मग मी खुर्चीवर बसले, मांडी घालून नाही, तू बसणार होतीस तशी खुर्चीवर. तारा उतरल्या होत्या, त्या चढवल्या. आणि बोट न लावता एका मोकळ्या तारेवर गज ओढला.

मोठा आवाज आला, ताई. भरलेला. शेजारणीनं खिडकीतून डोकावलं.

भाऊजी उभे राहिले. "हे त वाजते," म्हणाले. मग माझ्याकडे, मग गजाकडे बघत पुन्हा म्हणाले, "हे त वाजते वं बेबी!" आणि खाटेवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. तू गेलीस त्या दिवशीही हा माणूस असा रडला नव्हता.

मी त्यांना राळेचं सांगितलं. त्यांना सांगता आलं. तुलाच सांगायचं होतं, ते राहिलं. एक फोन करायचा होतास, "बेबे, आवाज नाई येत." मी रागावले असते, हो, बह्याड म्हणाले असते, आणि दुसऱ्या मिनिटाला तू वाजवत असतीस. आणि मी त्या नवरात्रात भांडून उठायच्या ऐवजी घटकाभर बसून राहिले असते, तुझं ते "असन" नीट ऐकलं असतं, तरी झालं असतं. तू त्या पिवळ्या पानावरून हात फिरवलास तेव्हा तुला ते पुस्तक किती आवडलं होतं, ते आता माझ्या ध्यानात येतंय. पुस्तक पास झालं होतं. तू स्वतःलाच नापास करून बसली होतीस, आणि ते मला दिसू नये म्हणून पुस्तकाला नाव ठेवलंस.

देवानं मला दिलं आणि तुला दिलं नाही, असं मनात धरून तू गेलीस. हे मला सहन होत नाही. बाबांनी मला क्लासला घातलं, तुला घातलं नाही, एवढंच झालं होतं. देवाचा काही संबंध नव्हता. म्हणून हे सगळं लिहिलं. आता कागदावरची भाषा पुरे झाली, आपल्या भाषेत सांगते, नीट ऐक. तुह्या हाताले काईच झालं नव्हतं ताई. गज कोरा होता. थो माह्याही हातात नसता वाजला वं.